‘कोणतं ॲप वापरू?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

प्राध्यापकांना शिकवताना तंत्रज्ञान वापरायला मदत करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळख होताच पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मी नेमकं कोणतं ॲप वापरू?” त्यावर मी आधी एवढंच विचारते, “तुमची मुलं अडतात कुठे?” ॲप दहा मिनिटांत निवडता येतं. हे दुसरं शोधायला कधी कधी आठवडा जातो, आणि तो आठवडा द्यावाच असं माझं ठाम मत आहे.

भौतिकशास्त्राच्या एका मॅडमना वर्गात पर्यायांचा प्रश्न देऊन, बरोबर उत्तर कोणतं यावर मुलांची मोबाइलवर मतं घ्यायची होती. त्यांच्याबरोबर बसले तो पहिला तासभर आम्ही कॉम्प्युटर उघडलाच नाही. जुन्या उत्तरपत्रिका काढल्या आणि मुलांच्या चुका वेचल्या. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? कितीतरी जणांनी शून्य लिहिलं होतं. तिथे वेग शून्य होतो, त्वरण मात्र 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेनेच राहतं. हीच चूक आम्ही प्रश्नात एक पर्याय म्हणून घातली. चुकीचे पर्याय मनाने रचले तर मुलं ते चटकन ओळखतात. त्यांच्याच वहीतून उचलले की खरा विचार सुरू होतो.

अशी मतं घेऊन शिकवण्याची पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची, 1991 पासूनची. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा मत द्यायचं. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा रंगते. त्याहून कमी असली तर विषय पुन्हा समजावलेला बरा. माझा एक आग्रह असतो: पहिल्या फेरीचा आलेख पडद्यावर दाखवू नका. उंच पट्टी दिसली की मुलं तिकडे वळतात आणि वाद तिथेच संपतो.

सुरुवातीला मझूर यांच्या वर्गात हात वर करून, कार्डं दाखवूनही हे चालायचं. “ऐन वर्गात बंद पडलं तर?” या धास्तीने जे प्राध्यापक मागे राहतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते. ती धास्ती खरी असते, शंभर मुलांसमोर उभं राहायचं असतं. म्हणून पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि प्रश्न फळ्यावरही लिहिलेला असतो.

शिकवण्याच्या व्हिडिओंचंही थोडक्यात सांगते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या 862 व्हिडिओंचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी मुलं साधारणपणे फार तर सहा मिनिटंच टिकत होती. तेव्हा पूर्ण तास रेकॉर्ड करून टाकू नका; एका अडचणीला एक तुकडा पुरे.

मॅडमच्या त्या तासाला नेट नीट चाललं. पहिल्या फेरीनंतर वर्गात गलका झाला. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी पेन वर उडवून शेजारणीला विचारत होती, “वर पोचल्यावर पृथ्वी ओढायची थांबते का? मग त्वरण शून्य कसं?” शेजारणीने पेन स्वतःच्या हातात घेतलं, दोनदा उडवून पाहिलं आणि मोबाइलवरचं उत्तर बदललं. मॅडम खडू हातात धरून गप्प उभ्या होत्या, ऐकत.