पायाखालची ली

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात 'नदी कुठे आहे?' असं विचारू नये. ली नदी गावात शिरताना दुभंगते, मधल्या बेटाला वळसा घालते आणि पलीकडे पुन्हा एक होते. मुख्य बाजारपेठ या बेटावरच. कुठल्याही दिशेने चालायला लागा, पूल आडवा येतोच. मघाशी ओलांडला तो फाटा हाच की दुसरा, हा हिशोब पाहुण्याने लवकर सोडून द्यावा.

खरी गंमत मात्र जिथे पूल नाही तिथे. सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट हा इथला सगळ्यांत गजबजलेला रस्ता, पण तो सरळ जातच नाही. ऐसपैस वळण घेत जातो, कारण तो मुळात नदीचाच फाटा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो झाकून वर रस्ता केला. वळण तेवढं पाण्याचं राहिलं. साउथ मॉल नावाच्या रस्त्यावर तर पुरावाच उभा आहे. काही जुन्या घरांचे दरवाजे चांगले उंचावर, पायऱ्या चढून जायचे. आणि खाली रस्त्याच्या पातळीला कमानी. मालाच्या होड्या थेट त्या कमानींपाशी लागत. मोठी भरती आणि वारा जुळून आले की पाणी अजूनही या रस्त्यावर येतं. (त्याला अतिक्रमण म्हणायची माझी तरी हिंमत नाही.)

होड्यांचं हे गाव मोठं झालं ते लोण्यावर! आपल्याकडे लोणी निघालं की कढवायला जातं; यांनी ते मीठ लावून, लाकडी पिंपांत भरून पार वेस्ट इंडीजला पाठवलं. १७७०मध्ये उत्तरेच्या टेकडीवर, शॅंडनला, लोण्याची पेठ सुरू झाली. तपासनीस पिंपात गिरमिटासारखी सळई खुपसून आतलं लोणी काढत, चाखत आणि प्रत ठरवत. अशी नोकरी मिळणार असेल तर मी आजही अर्ज करीन.

पेठेशेजारीच सेंट ॲनचं चर्च, १७२२चं. मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या दगडाच्या, दोन पांढऱ्या. घड्याळाला चार तबकड्या आणि त्यांचं आपसांत पटत नाही, म्हणून गाव त्याला 'चार तोंडांचा खोटारडा' म्हणतं. इथल्या आठ घंटा तिकीट काढून कुणीही वाजवाव्यात. दोऱ्यांना क्रमांक आणि हाताशी त्याच क्रमांकांत लिहिलेली गाणी. माझ्यापुढचा पाहुणा पाचवर अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पुन्हा पाचवरच अडखळला. अख्ख्या गावाने ते ऐकलं असणार. कॉर्ककरांना सवय आहे.