स्विफ्ट १.३, अपडेट ७: पेडलचे चोर दोन निघाले

मागच्या अपडेटमध्ये आरबीएफ ६०० हे मोटुलचं रेसिंग ब्रेक ऑइल भरून, नवे पॅड टाकून ‘ब्रेकचा विषय संपला’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. तो विषय कोइमतूरच्या करी रेसट्रॅकवर चौथ्या लॅपला पुन्हा उघडला. मेन स्ट्रेटच्या शेवटी ब्रेकवर पाय टाकला की पेडल नेहमीच्या जागेच्या दोन बोटं खाली, आणि लगेच दुसऱ्यांदा मारलं की जागेवर. तिन्ही सेशनला हेच. भरवसा नसलेल्या पेडलवर प्रत्येक ब्रेकिंग पॉइंट मागे ओढत चालायचं, तर त्यासाठी पुण्याहून कोइमतूरपर्यंत बाराशे किलोमीटर जायची गरज नव्हती, खंबाटकी घाट जवळ होता.

आपल्याकडे ‘पेडल सॉफ्ट झालं’ हे एकच वाक्य तीन वेगळ्या दुखण्यांना वापरतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ब्रेक ऑइल उकळलं तर लाइनमध्ये वाफ होते. मग पेडल स्पंजासारखं दबतं, पंप केल्यावर थोडं वर येतं पण टणक होत नाही. पॅड फेड झाले तर पेडल उंच आणि दगडासारखं लागतं, फक्त गाडी थांबत नाही, आणि जळका वास येतो. तिसरी गोष्ट म्हणजे पहिला दाब लांब, दुसरा जागेवर आणि टणक. इथे ऑइल आणि पॅड दोघंही निर्दोष असतात. कुठेतरी गॅप वाढलेला असतो, पहिल्या दाबाचं ऑइल तो गॅप भरण्यातच जातं.

आपलं दुखणं उघडउघड तिसऱ्या प्रकारचं होतं, तरी पहिल्या दिवशी दुपारी तीन वेळा ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढायला ऑइल बाहेर सोडणं) झालं. जवळजवळ पाऊण लिटर महागडं ऑइल बाटलीत गेलं आणि एक बुडबुडा निघाला नाही. आरबीएफचा कोरडा (पाणी न मुरलेल्या ऑइलचा) बॉइलिंग पॉइंट ३१२ अंश आहे. साध्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलला निदान २३० अंश लागतात, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच अट १५५ वर येते. आपल्या पावसाळ्यात पाणी मुरायला वेळ लागत नाही, म्हणून सीझनला एकदा पूर्ण ऑइल बदलणं आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी ब्लीड करणं हा नियम कायम. पण तीन आठवड्यांपूर्वी सीलबंद बाटलीतून भरलेल्या ऑइलवर संशय घेण्यात काही अर्थ नव्हता.

दुसरा संशयित मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने तीस सेकंद दाबून धरायचं. आतले सील गेले असतील तर ते हळूहळू फ्लोअरकडे सरकतं. आपलं तसूभरही हललं नाही. मग चारही रबरी होज क्लॅम्पने बंद करून एकेक सोडत गेलो. ज्या चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल एकदम लांबतं, ते चाक गुन्हेगार. (ब्रेडेड, म्हणजे स्टीलच्या जाळीच्या होजवर हा प्रकार करू नका, आतली नळी मोडते. आपले अजून स्टॉकच आहेत.) निकाल काहीच नाही, चारही चाकं सारखी. कारण गाडी गार होती. तापल्यावर होणारं दुखणं गार गाडीवर शोधत बसलो होतो.

शेवटी सेशन संपवून थेट पिटमध्ये, इंजिन बंद न करता, दोन चाचण्या केल्या. या लिहून ठेवा, फुकट आहेत.

पहिली: पेडल पंप करून वर आणायचं, पाच-सहा सेकंद पाय पूर्ण काढायचा, पुन्हा दाबायचं. गॅप मागच्या चाकांच्या ड्रममध्ये असेल, तर ड्रमला आतून घासणारे शू परत मागे जातात आणि पेडल पुन्हा लांब लागतं. डिस्कने पॅड मागे ढकलल्यामुळे, म्हणजे नॉक-बॅकमुळे झालं असेल, तर एकदा वर आलेलं पेडल गाडी उभी असेपर्यंत वरच राहतं. दुसरी: हँडब्रेक तीन क्लिक ओढून पेडल दाबायचं. ओढल्यामुळे शू ड्रमच्या जवळ जातात, तेव्हा पेडल वर आलं तर चोर मागे आहे. तापल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, दोन सेकंदांत सोडायचा. एरवी पिटमध्ये गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकाला दगड.

पिटमध्ये पेडल पुन्हापुन्हा एक बोट लांब लागत होतं आणि हँडब्रेकच्या तीन क्लिकनी ते पूर्ण भरून निघालं. पण ट्रॅकवर दोन बोटं जात होतं. म्हणजे एका बोटाचा हिशेब लागला, दुसरं बोट पिटमध्ये दिसतच नव्हतं. इथपर्यंत ‘कारण एकच असणार’ हे गृहीत होतं आणि तेच नडलं.

संध्याकाळी मागचे ड्रम उतरवले. शू आणि ड्रममधला गॅप दोन्हीकडे भरमसाट, झीज भरून काढायला शू आपोआप बाहेर सरकवणारा अ‍ॅडजस्टर मात्र ठणठणीत, दात स्वच्छ. मग तो सरकत का नव्हता? हँडब्रेकच्या केबलमुळे. क्लिक कमी व्हाव्यात म्हणून मागच्या सर्व्हिसला लिव्हरखालचा नट आवळला होता. केबल कायम ताणलेली असली की ड्रममधला हँडब्रेकचा लिव्हर त्याच्या आरामाच्या जागेवर परत येत नाही, आणि तो परत आल्याशिवाय ऑटो अ‍ॅडजस्टर पुढचा दात घेत नाही. हँडब्रेक झकास लागतो आणि फूटब्रेकचा गॅप महिनोन्‌महिने वाढत जातो. रस्त्यावर कळत नाही. ट्रॅकवर ड्रमही फुगतो. २०० मिमी व्यासाचं बीड २०० अंशांनी तापलं तर व्यास ०.४ मिमीच्या आसपास वाढतो. आधीच मोठ्या असलेल्या गॅपमध्ये ही भर पडते.

क्रम असा ठेवला: केबलचा नट पूर्ण ढिला. ड्रमच्या आतला व्यास व्हर्नियरने मोजायचा. अ‍ॅडजस्टर हाताने सरकवून शूचा बाहेरचा व्यास त्यापेक्षा ०.५ मिमी कमी राहील असा ठेवायचा. ड्रम चढवून पेडल वीसेक वेळा दाबायचं, चाक हाताने फिरवून बघायचं. हलकं ‘सुस्स’ चालेल, अडकणं चालणार नाही. हे सगळं झाल्यावरच केबल, सहाव्या क्लिकला चाक धरेल इतकी. बॅकप्लेटवर शू जिथे टेकतात त्या सहा जागांवर ब्रेक ग्रीस, नखाएवढंच. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्याच लॅपला पेडल उंच आणि टणक. त्या एका लॅपची मजा नवीन टायरपेक्षा जास्त होती!

तिसऱ्या लॅपला एक बोट परत गेलं. या वेळी लक्ष ठेवून होतो, ते फक्त वेगातल्या डाव्या वळणानंतरच्या ब्रेकिंगलाच जात होतं. उजव्या वळणानंतर अजिबात नाही. डाव्या वळणात भार उजव्या चाकावर, म्हणजे हा नॉक-बॅक पुढच्या उजव्या चाकाचा असणार. तात्पुरता उपाय म्हणून ब्रेकिंगच्या आधी डाव्या पायाने पेडलला एक टिचकी मारून पॅड जवळ आणायचे. त्यावर दिवस निघाला.

घरी आल्यावर उजव्या स्ट्रटला (सस्पेन्शनच्या दांड्याला) मॅग्नेट बेसवर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारा काटा. डिस्क नुसती हबवर टांगून मोजू नका. चारही नट वॉशर टाकून ८५ न्यूटन मीटरला कसायचे आणि डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत काटा ठेवायचा. डावीकडे रन-आउट, म्हणजे फिरताना डिस्कचं डगमगणं, ०.०४ मिमी, उजवीकडे ०.१४. डिस्क एक भोक फिरवून बसवली तर ०.१३. हबच्या तोंडावरचा गंज पॉलिश पेपरने काढल्यावर ०.११. डिस्क फिरवून आकडा तिच्यासोबत फिरला नाही, म्हणजे दोष हबचा. चाक बारा-सहाच्या रेषेत धरून हलवलं तर डावीकडे काटा जेमतेम थरथरतो, उजवीकडे ०.०९ चा खेळ. आवाज मात्र काहीच नव्हता. बेअरिंग ‘हूंऽऽ’ करायला लागलं की बदलायचं हा आपला सार्वत्रिक नियम इथे उपयोगाचा नाही, नॉक-बॅक त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

आणि हे बेअरिंग जेमतेम चार महिन्यांपूर्वीचं. तेव्हा एका गॅरेजमध्ये नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा भाग) गाडीवरच ठेवून हातोड्याने ठोकून बसवलं होतं. काढल्यावर बाहेरच्या रेसच्या (बेअरिंगच्या कड्याच्या) धावेवर, बरोबर गोळ्यांच्या अंतरावर, एकापाठोपाठ एक फिकट ठिपके दिसतात. उन्हात तिरकं धरलं की चमकतात, नख फिरवलं तर अडकतं. हातोड्याचा घाव आतल्या रेसवर बसला की तो गोळ्यांमधून बाहेरच्या रेसवर जातो आणि तिथे खळी पाडतो. बेअरिंग त्याच क्षणी मेलेलं असतं, फक्त कळायला चार महिने लागतात. चांगल्या कंपनीचं बेअरिंग नाना पेठेतून पक्क्या बिलावर आणून ते ठोकून बसवण्यापेक्षा ते पैसे टपरीवर उडवलेले बरे.

या वेळी नकल उतरवून भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या हायड्रॉलिक प्रेसवर काम केलं. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, नकलचं भोक साफ करून इंजिन ऑइलचा नुसता हात. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर. त्यासाठी जुन्या बेअरिंगची रेस ग्राइंडरने अर्धा मिलिमीटर घासून ड्रिफ्ट (दाब द्यायचं कडं) म्हणून वापरली, अगदी बेताची बसते. मग बेअरिंग जागेवर धरणारं लॉक. हब दाबताना खालून आतल्या रेसला आधार द्यायचा, ही पायरी चुकली तर पुन्हा तेच ठिपके. एक्सलचा नट नवीन, चाक हवेत असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावून, मॅन्युअलच्या टॉर्कला. नट कसल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टाकायचं नाही, गाडी ढकलायचीही नाही. प्रेसवाल्याने ३०० रुपये घेतले. रन-आउट आता ०.०३, खेळ शून्य. डावं बेअरिंग याच्या आधीचं, कारखान्यातलं आहे, ते तसंच.

बाकीचं थोडक्यात. कॅम्बर बोल्टनी पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) डावीकडे उणे १.४ अंश, उजवीकडे उणे १.३ मिळाला. कॅम्बर हलला की टो (वरून पाहिलं तर चाकांची आत-बाहेर दिशा) हलतोच, म्हणून अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आधी बोल्ट बसवा, नंतर नाही. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून पाहिलं. गार २७ पीएसआयला डावीकडची रेघ पार पुसली जात होती, २९ ला टायरच्या खांद्यावरच्या त्रिकोणी खुणेपाशी थांबते, सेशननंतर ३५. १९५/५५ आर१५ चा व्यास १८५/७० आर१४ पेक्षा तीन टक्के कमी, त्यामुळे गिअरिंग फुकटात आखूड झालं. स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवतो, लॅपच्या गप्पा मारताना ध्यानात असू द्या. मागचं सीट, स्टेपनी आणि जॅक ट्रॅकवर पॅडॉकमध्येच उतरतात, कारण हीच गाडी परत हायवेने आणायची आहे. विम्याचंही तेच. शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीच्या बाहेर असतात, ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपला.

ब्रेककडे गार हवा नेणाऱ्या डक्टचा बेत मात्र गडगडला. शेतीपंपाच्या दुकानातून ६३ मिमीचा सक्शन होज आणला होता, फॉगलॅम्पच्या भोकातून डिस्कच्या मध्यापर्यंत न्यायला. पीव्हीसी चाकाजवळ मऊ पडतो, म्हणून शेवटचे ३० सेंटिमीटर चिमणीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप लावला. स्टिअरिंग लॉक टू लॉक फिरवताच तो फाटला. सिलिकॉनचा पाइप बजेटच्या बाहेर. आणि हे लिहिता लिहिताच जाणवतंय की ऑइल उकळलं नाही, पॅड फेड झाले नाहीत, तर हा डक्ट नेमका कशासाठी? आधी कॅलिपरवर तापमानाचे स्टिकर लावून बघू. इन्फ्रारेड गनवर विसंबण्यात अर्थ नाही, चकचकीत डिस्कवर ती बरंच कमी दाखवते आणि पिटमध्ये येईपर्यंत डिस्क निवलेलीही असते. स्टिकर काळा पडला तरच सिलिकॉन. होज सध्या बाग भिजवायला.

मागे डिस्क बसवा असा सल्ला दोघांनी दिला आहे. नको. पुढे इंजिन असलेल्या हलक्या गाडीत मागच्या ब्रेकचं काम थोडं. स्क्रॅपमधल्या डिस्क आणि कॅलिपर लावले तर बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकच्या जोराची वाटणी) बिघडून मागची चाकं आधी लॉक होतील. नीट अ‍ॅडजस्ट केलेले ड्रम या गाडीला पुरतात.

पुढच्या फेरीत पहिल्या सेशनला पाचच लॅप, मग त्याच दोन पिट चाचण्या. केबल मोकळी झाल्यामुळे ऑटो अ‍ॅडजस्टर आता तापून फुगलेल्या ड्रममध्येही दात घेणार, आणि ड्रम निवल्यावर शू घासणार अशी शंका आहे. त्यामुळे प्रत्येक सेशननंतर अर्ध्या तासाने मागची चाकं उचलून हाताने फिरवून बघायची. उजवीकडचं आताच किंचित जड फिरतंय.