वल्हवणाऱ्या हाताचं नाव

गेमचा पॅच, म्हणजे सुधारित आवृत्ती, सकाळी निघाला आणि दुपारपर्यंत एकाच मॉडबद्दलच्या दोन वेगवेगळ्या तक्रारी माझ्यापुढे येऊन पडल्या.

मी एका गेम कंपनीत काम करते. आमच्या गेमसाठी खेळाडू स्वतः जे बनवतात, म्हणजे नवे नकाशे, पोशाख, अख्ख्या मोहिमा, त्या सगळ्या मॉड्सचा विभाग माझ्याकडे आहे. कोणी कोणाचं उचललं, काय ठेवायचं, काय काढायचं, ते शेवटी माझ्यापर्यंत येतं.

हे मॉड नदीप्रवासाचं होतं. आमच्या मूळ गेममध्ये नद्या आहेत, पण नुसत्या बघण्यापुरत्या. एका मॉडरने त्यात होड्या आणल्या, घाट बांधले, प्रवाहाचा जोर हिशेबात धरला. नोकरीवरून घरी आल्यावर रोज रात्री बसून दोन वर्षं त्याने हे केलं. पहिलं वर्षभर सगळं फुकट होतं. मग त्याने मासिक वर्गणी सुरू केली, आणि नवी आवृत्ती फक्त वर्गणीदारांना मिळू लागली.

आमच्या पॅचमध्ये पाण्याचा कोड बदलला होता. त्याच्या होड्या तळाशी जाऊन बसल्या. वर्गणीदार त्याच्यावर तुटून पडले: पैसे घेता ना, मग आजच्या आज दुरुस्त करा, नाहीतर परत द्या. त्याच पॅचने डझनभर फुकट मॉड्सही मोडली होती, पण तिथे लोक लिहीत होते, ‘सावकाश करा, घाई नाही.’ एकाने तर बिघाड नेमका कुठे आहे ते स्वतः शोधून मॉडरला कळवलं होतं. सकाळभर मी दोन्हीकडचं आलटून पालटून वाचत होते. वर्गणीदारांची पहिली तक्रार ती हीच, आणि तिच्यात वावगं काही नव्हतं. पैसे मोजलेला माणूस चालू स्थितीतली वस्तू मागणारच.

दुसरी तक्रार एका बाईंची होती. होडी वल्हवण्याची हालचाल माझी आहे, त्या म्हणाल्या. मी ती सगळ्यांना फुकट दिली, अट एकच होती की विकायची नाही.

मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि फ्रेम फ्रेम पुढे सरकवत गेले. वल्हं पाण्याबाहेर येताना डावं मनगट क्षणभर नको तिकडे वळत होतं. दोन्हीकडे, त्याच फ्रेमला. तरीही मी स्वतःला बजावलं की एवढ्यावरून आरोप करायचा नाही. मग सांगाडा उघडला. पात्राच्या आत हाडांची एक उतरंड असते आणि प्रत्येक हाडाला नाव दिलेलं असतं. डाव्या हाताच्या नावात ‘हँड’ या शब्दातली दोन इंग्रजी अक्षरं उलटसुलट टाइप झाली होती. दोन्ही फाइलींत तीच अक्षरं, तशीच उलटी. अशी चूक दोन माणसांच्या हातून वेगवेगळी होत नाही.

होड्यांच्या मॉडरला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मी हे एका तयार संचातून घेतलं होतं. त्यात कसली अट लिहिलेली नव्हती हो.” त्याने ती झिप फाइल लगेच पाठवली. खरंच नव्हती. मधल्या कोणीतरी हालचाली गोळा करताना बाईंची चिठ्ठी काढून टाकली होती.

मग बाईंकडे मूळ फाइली मागितल्या. त्यांनी न विचारता सांगून टाकलं, “सांगाडा माझा नाही. तो एका जुन्या मॉडमधला आहे, ती चूकही त्या मुलाचीच.” त्या मॉडच्या पानावर गेले. त्याचा कर्ता सहा वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. त्याची सूचना एका ओळीची होती: कोणीही वापरा, फक्त पुढेही मोकळं ठेवा.

मॉडसाठी पैसे घ्यावेत की नाही, या वादात मला खरी अडचण दिसते ती इथे. मेहनतीचा मोबदला मागण्यात काहीही गैर नाही. दोन वर्षांच्या रात्री कोणी कोणाला फुकट देणं लागत नाही. पण मॉड हे क्वचितच एकट्याचं असतं. माणसं फुकट देत गेली म्हणून ढीग वाढला, आणि त्या ढिगावर किमतीची चिठ्ठी लावली की खालच्या प्रत्येकाचा हिशेब उघडावा लागतो.

एप्रिल 2015मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिम या गेमची मॉड्स विकायला परवानगी मिळाली, तेव्हा हेच झालं. विक्रीतले 25 टक्के मॉडरला, बाकीचे दुकानाच्या आणि गेमच्या कंपनीला. पहिल्याच खेपेतलं मासेमारीचं एक मॉड काढून घ्यावं लागलं, कारण ते दुसऱ्याच्या फुकट ॲनिमेशनवर उभं होतं. चार दिवसांत योजना गुंडाळली गेली आणि लोकांना पैसे परत मिळाले. त्याच्याही आधी, 1998मध्ये, अमेरिकेतल्या अपील कोर्टापुढे ड्यूक न्यूकेम 3डी या गेमचा खटला आला होता. खेळाडूंनी बनवलेल्या 300 लेव्हल्स एका कंपनीने सीडीवर घालून विकल्या. गेमच्या परवान्यात लेव्हल्स फुकटच वाटायच्या असं लिहिलेलं होतं. कोर्टाने गेमच्या मालकांची बाजू उचलून धरली. कायद्याने तो निकाल मला पटतो, पण ज्यांनी रात्री जागून त्या लेव्हल्स बनवल्या त्यांना त्यातून काय मिळालं, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

आणि आम्ही तरी कुठे वेगळे आहोत? काउंटर-स्ट्राइक हा गाजलेला गेमही 1999मध्ये हाफ-लाइफ या दुसऱ्या गेमचं मॉड म्हणूनच सुरू झाला होता. मॉड्समुळे गेम वर्षानुवर्षं विकला जातो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुपारच्या बैठकीत ‘मॉड बंद करा, विषय संपवा’ असा सूर निघाला, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की त्याच्या होड्यांसाठी लोक आपला गेम विकत घेतात, आणि आपण त्याला आजवर दमडी दिलेली नाही. काही क्षण कोणी बोललं नाही. मग मला संध्याकाळपर्यंतची मुदत मिळाली.

मॉड तात्पुरतं उतरवलं आणि दोघांना एका कॉलवर घेतलं. सुरुवातीला तो तावातावाने बोलत होता, बाईही मागे हटत नव्हत्या. वळण आलं ते मी सांगाडा पडद्यावर लावून ते चुकलेलं नाव दाखवलं तेव्हा. तो म्हणाला, “हे नाव मी दोन वर्षं रोज टाइप करतोय. कोणाचं आहे हे कधी विचारलंच नाही.”

ठरलं ते असं. सगळ्या आवृत्त्या सर्वांना खुल्या. ज्याला द्यायचे त्याने पैसे द्यावेत, पण त्यावाचून काही अडणार नाही. चालू महिन्याची वर्गणी परत. सिम्स 4 या गेमच्या कंपनीने 2022मध्ये जसं ठरवलं, की थोडे दिवस आधी मिळण्यासाठी लोकांनी हातभार लावला तर चालेल, पण पुढे मॉड सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे, तसं मॉडरने मागितलं. बाईंनी नाही म्हटलं. सांगाडा देणाऱ्याने मोकळं ठेवा एवढंच लिहिलंय, त्यात ‘नंतर’ हा शब्द नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

त्याचं नुकसान झालं. आता पूर्वीइतके तास देता येणार नाहीत, हे त्याने मला सरळ सांगितलं. कंपनीने त्याला रीतसर काम द्यावं असा प्रस्ताव मी पाठवला आहे, पाठपुरावाही करते आहे. उत्तर आलेलं नाही.

नवी आवृत्ती आली तेव्हा पहिल्याच ओळीत तिघांची नावं होती, न फिरकणाऱ्या त्या मुलाचं सगळ्यात वर. मी सांगाडा उघडून पाहिला. डाव्या हाताच्या नावातली अक्षरं अजून उलटीच आहेत. ती सरळ केली तर त्या सांगाड्यावर उभी असलेली इतर सगळी मॉड्स मोडतील, म्हणून कोणी हात लावत नाही.