पाकीट रिकामं असतं तर?

"पाकिटात पैसे नसते, तर एवढी धावपळ केली असतीस?"

जिन्यात सापडलेलं पाकीट मालकाला देऊन मी नुकतीच परतले होते. मैत्रिणीने सहज विचारलं आणि मला उत्तरच देता येईना. नसती केली बहुतेक. तिथेच कठड्यावर ठेवून निघून गेले असते.

मग २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आठवला. संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून जास्त पाकिटं 'रस्त्यात सापडली' म्हणून बँका, हॉटेलं, पोस्ट अशा ठिकाणी काउंटरवर दिली. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी साधारण ४० टक्के पाकिटांच्या मालकांना निरोप गेला. पैसे असलेल्यांच्या बाबतीत ५१ टक्के! लोकांना विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज नेमका उलटा होता.

पैसे ठेवून घेतले की आपण स्वतःच्या नजरेत चोर ठरतो, आणि ते नको असतं, असं संशोधकांचं म्हणणं. पटतं मला. पण त्यांनी पाकिटांत किल्लीही ठेवली होती, काहींत मात्र मुद्दाम नाही. सापडणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, तरी किल्लीवाल्या पाकिटांच्या मालकांना जास्त वेळा निरोप गेला. म्हणजे ज्याचं पाकीट हरवलं त्या माणसाची काळजीही असतेच की!

आज मला नेमकं कशाने पळवलं? तुम्हाला काय वाटतं?