काउलचा साचा घरच्या घरी

माझ्या मॉडेल विमानाच्या मापाचं काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बाजारात मिळेना. एकदाच लागणार असतं तर थर्मोकोल कोरून त्यावर ग्लास कापड आणि इपॉक्सी चढवलं असतं. पण विमान नाकावर आलं की आधी फुटतं ते काउलच. म्हणून साचाच करायचं ठरवलं.

मूळ आकार एमडीएफचा. तुकडे फेविकॉलने चिकटवले, कानशीने गोलाई आणली, वर लांबी (पुट्टी) भरली. सगळा जीव ओतायचा तो इथे, कारण साचा केसाएवढा ओरखडाही जसाच्या तसा उचलतो. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारून वॉटर पेपर फिरवला; जिथे काळं उरलं तिथे खड्डा, पुन्हा लांबी. वरचा रंग पीयूचा (पॉलियुरेथेनचा) घेतला, कारण साच्याच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन हे द्रावक असतं आणि साधा ऑइलपेंट त्याने उचलला जातो. तो पक्का वाळल्यावर २००० नंबरपर्यंत पाण्यात घासला. मग आकार ट्यूबलाइटखाली सावकाश फिरवला. उजेडाची रेष कुठेच मोडली नाही, तेव्हा वॅक्सचा डबा उघडला. साचा चिकटू नये म्हणून वॅक्सचे पाच-सहा हात आणि त्यावर पीव्हीएचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा, पातळ थर.

काउल एका तुकड्यात साच्यातून निघत नाही. त्यामुळे मध्यरेषेवर फळी बसवून अर्धा-अर्धा साचा घेतला. फट प्लॅस्टिसिनने (खेळायच्या मऊ मातीने) बुजवली आणि कडेच्या पट्टीवर छोटे उंचवटे ठेवले, म्हणजे दोन्ही अर्ध एकमेकांत अचूक बसतात.

जेलकोटचे, म्हणजे साच्याचा गुळगुळीत पृष्ठभाग बनणाऱ्या घट्ट रेझिनचे, दोन हात दिले. बोट लावलं की चिकट लागतं, पण बोटाला काही येत नाही, ती रेझिनसोबत काचतंतूंची मॅट चढवायची वेळ. त्याआधी घाई केली तर जेलकोटला सुरकुत्या पडतात. आधी टिश्यू, म्हणजे काचतंतूंचा अगदी पातळ थर, मग चौरस मीटरला ३०० ग्रॅमची मॅट, रोलरने बुडबुडे काढत. हा थर रात्रभर राहू दिला. सगळे थर एकदम चढवले की रेझिन तापतं, आक्रसतं आणि मॅटची नक्षी वर उमटते. जाड ४५० ची मॅट दुसऱ्या दिवशी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. रेझिन कोबाल्ट घातलेलंच घ्या, त्यात हार्डनर मोजून एक ते दोन टक्के. तोंडाला सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क हवाच. कापडी मास्क स्टायरीन अडवत नाही.

बोल्टची भोकं दोन्ही अर्ध जोडलेले असतानाच पाडली. चांगले आठवडाभर ते मूळ आकारावरच राहू दिले आणि मग प्लॅस्टिकच्या पाचरी सारल्या. कोमट पाणी सोडल्यावर पीव्हीए विरघळला आणि साचा कट्कन सुटला. आतला भाग १५०० आणि २००० ने घासून रबिंग कंपाउंडने चकाकवला, पुन्हा वॅक्सचे हात दिले. पहिलं काउल ग्लास कापडाच्या दोन थरांचं काढलं. जोडाची बारीक शिवण तेवढी घासावी लागली, बाकी रंगाला तयार.