थँक्यूच्या पुढे अजून एक वाक्य

काल रात्री एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीचे (म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्राममध्ये फुकट वापरावा असा तयार कोड) इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, वाचत बसलेलो, तर एका इश्यूखाली कुणीतरी फक्त एवढंच टाकलेलं, "काही अपडेट? दोन महिने झाले." आणि त्याखाली मेंटेनरचं, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याचं, उत्तर, की सॉरी, घरी गडबड होती, शनिवारी बघतो. ते सॉरी वाचून मला फार वाईट वाटलं. पगार नाही, काही नाही, स्वतःची झोप मोडून करतोय माणूस, आणि माफी पण त्यानेच मागायची?

अशा एका प्रोजेक्टला पाठवलेला माझा पहिला पॅच (सुचवलेला बदल) म्हणजे डॉक्युमेंटेशनमधल्या एका कमांडमध्ये राहिलेला हायफन, बस. रिव्ह्यू करणाऱ्याने तो मर्ज केला, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतला, आणि खाली लिहिलं, "ही कमांड मी कित्येक दिवसांत स्वतः चालवून बघितली नव्हती, बरं झालं तुम्ही बघितलीत." नुसतं थँक्स लिहिलं असतं तर मी विसरून गेलो असतो, पण या वाक्यावरून कळलं की याने आपलं काम खरंच वाचलंय, आणि मी त्या प्रोजेक्टवर चार वर्षं टिकलो. दुसऱ्या एका ठिकाणी पंधरा रात्री बसून लिहिलेला पॅच "नको" एवढ्याच शब्दावर बंद झाला. निर्णय बरोबर होता हे मला नंतर पटलं, त्याने स्पीड खरंच कमी होत होता, पण हे कारण कुणी दोन ओळीत सांगितलं असतं तर मी तिकडे परत गेलो असतो.

लिनक्स कर्नलमधली (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एक पद्धत मला मनापासून आवडते, कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, खाली रिपोर्टेड-बाय, टेस्टेड-बाय, रिव्ह्यूड-बाय अशा ओळी असतात, म्हणजे ज्याने कोडची एकही ओळ लिहिली नाही, फक्त बग नीट सांगितला, त्याचंही नाव इतिहासात राहतं. त्याच कर्नलमध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर 2018 मध्ये स्वतःच्या कठोर बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे काम थांबवलं होतं, तेव्हा हा प्रश्न फक्त नवख्यांच्या हळवेपणाचा नाही.

आणि एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवतंय ना? 2022 मध्ये काही खाती त्या एकट्या मेंटेनरच्या मागे लागली, पॅच का रखडलेत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. तो बिचारा सांगत होता की तब्येत बरी नाही, हे बिनपगारी छंदाचं काम आहे. ती खाती खोटी असावीत असं आता मानलं जातं. पुढे मदतीला आलेल्या "जिया टॅन" नावाच्या खात्याकडे अधिकार गेले आणि 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमध्ये बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, शिरलं. एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर शिरायची पद्धत) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला ते सापडलं, नाहीतर काय झालं असतं. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की तो दबाव कुणाला वेगळा वाटलाच नाही. आपण रोज तसंच तर लिहितो.

म्हणून काल त्या इश्यूवर मी लिहिलं, "घाई नाही. तुमच्या लायब्ररीमुळे माझं तारखा पार्स करायचं सगळं काम दोन वर्षं बिनबोभाट चाललंय. हा बग मी दोन व्हर्जनवर करून बघितला, लॉग जोडलाय. टेस्ट मी लिहून देऊ का?"

आज संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, टेस्ट कुठल्या फाइलमध्ये टाकायची ते. जेवण झालं की बसतो.