तुम्ही विचारलंत म्हणून : सपाट जागेवरचं 'माऊंट' कार्मेल

पुण्यात लुल्लानगरला माऊंट कार्मेल, नागपुरात अजनीला माऊंट कार्मेल, बंगळुरूला माऊंट कार्मेल. बायबलमधल्या जागांचं मला वेड आहे हे माहीत असलेले लोक हमखास विचारतात, इतक्या शाळा-कॉलेजांना एकाच डोंगराचं नाव कसं? आणि हा डोंगर आहे तरी कुठे?

तो इस्राएलमध्ये, हैफा शहराच्या माथ्यावर, समुद्राला लागून आहे. उंची जेमतेम साडेपाचशे मीटर, सिंहगडाच्या निम्म्याहून कमी. बायबलमध्ये एलीया संदेष्टा इथेच बआल या देवाच्या 450 संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहतो. आकाशातून अग्नी उतरतो ती गोष्ट बहुतेकांना आठवते. मला त्यापुढचा प्रसंग जास्त भिडतो. देशात दुष्काळ पडलाय. एलीया गुडघ्यांत डोकं घालून बसलाय आणि गड्याला पुन्हा पुन्हा समुद्राकडे बघून यायला सांगतोय. सहा वेळा काहीच दिसत नाही. सातव्या वेळी तळहाताएवढा एक ढग दिसतो, आणि मग धो धो पाऊस.

बाराव्या शतकाच्या अखेरीस काही ख्रिस्ती तपस्वी इथे एलीयाच्या झऱ्यापाशी येऊन राहिले. जेरुसलेमचे धर्माध्यक्ष आल्बर्ट यांनी 1206 ते 1214 च्या दरम्यान त्यांना नियम घालून दिले : प्रत्येकाची खोली वेगळी, मधोमध प्रार्थनेची जागा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. फ्रान्सिसकन, डॉमिनिकन या दुसऱ्या संन्यासी संघांना त्यांच्या संस्थापकांचं, फ्रान्सिसचं आणि डॉमिनिकचं नाव. यांच्यात असा एक संस्थापक नव्हता, म्हणून डोंगराचंच नाव लागलं : कार्मेलाईट. युद्धांमुळे ते सायप्रस, सिसिली, इंग्लंडकडे पांगू लागले आणि 1291 मध्ये जवळचं आक्का शहर ख्रिस्ती सत्तेच्या हातून गेल्यावर डोंगर पुरता सुटला. तेव्हा स्वतःची ओळख सांगायला त्यांच्याजवळ तेवढं नावच उरलं. मला वाटतं, डोंगर हातात राहिला असता तर हे नाव इतकं लांब गेलंच नसतं.

1602 मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी विझ्काइनोची जहाजं मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून निघाली, त्यांवर कार्मेलाईट पाद्री होते. कॅलिफोर्नियातल्या नदीला कार्मेल नाव पडलं ते त्या सफरीत. मेक्सिकोतल्या सिउदाद देल कार्मेनला मात्र ते एका तारखेमुळे मिळालं. तिथून चाच्यांना हाकललं तो दिवस 16 जुलै 1717, कार्मेल मातेच्या, म्हणजे या संघाची माता मानलेल्या मारियेच्या सणाचा. या मातेचे भक्त गळ्यात तपकिरी कापडाचे दोन लहान तुकडे दोरीने जोडून घालतात. एक छातीवर रुळतो, एक पाठीवर. स्पेनमधल्या कित्येक मुलींचं कार्मेन हे नावही तिचंच.

आपल्याकडे 1720 साली इंग्रजांनी मुंबईतल्या पोर्तुगीज पाद्र्यांना काढून तिथली चर्च कार्मेलाईटांच्या हाती दिली. आजही वांद्र्यात कार्मेल मातेचं चर्च आहे. केरळात मन्नानमला 1831 मध्ये सुरू झालेल्या संघानेही पुढे कार्मेलचं नाव घेतलं. पण हे नाव घरोघरी पोचवलं ते सिस्टर्सनी. अपोस्टोलिक कार्मेल हा त्यांचा एक संघ 1868 मध्ये फ्रान्समधल्या बायोनला स्थापन झाला आणि 1870 मध्ये मंगळुरूला आला. गोव्यात नुव्याचं कार्मेल कॉलेज त्यांचं. बंगळुरूचं माऊंट कार्मेल कॉलेज मात्र सेंट तेरेसाच्या कार्मेलाईट सिस्टर्सचं, म्हणजे दुसऱ्या संघाचं. मुलींना शिकवण्यासाठी या सिस्टर्स शहरोशहरी गेल्या आणि जिथे जागा मिळाली तिथे शाळा उघडल्या. मग टेकडी असो वा नसो, पाटीवर 'माऊंट' आलंच.